उतरलेली तार

कवलापूरच्या धावपट्टीवर त्या रविवारी गवत कापलं होतं.
एरवी तिथं म्हशी चरतात, पोरं स्कूटर शिकतात,
डांबराच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर
कुणीतरी शाळू वाळत घालतं.
आता फक्कीच्या रेघा, मंडपवाल्याचे झेंडे,
भडंगाच्या पुड्या,
आणि दोरीपलीकडे उन्हात उभी
चार म्हातारी विमानं, नव्या रंगात अवघडलेली.

गर्दी सगळी पिवळ्यापाशी.
दोन मजली पंखांचं ते, नाकावर लाकडाचं पातं.
जतकडच्या एका गोदामात पडून होतं म्हणे,
त्याच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायची.
हे माइकवाला दर दहा मिनिटांनी सांगत होता
आणि लोक दर दहा मिनिटांनी हसत होते.
इंजिन कुठून आणलं, कापड कुठलं, रंग कुठला,
डफळेसाहेबांनी पेन्शन कशी ओतली, तेही झालं सांगून.
पंखांच्या आतल्या बरगड्यांबद्दल काही नाही.
त्या कापडाखाली असतात.

मला ठाऊक होत्या. छप्पन्न.
मिरजेत, सतारमेकर गल्लीत, आमच्या दुकानी
टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून
दस्तगीरचाचांनी दोन पावसाळे त्या घासल्या,
सरस लावला, दोऱ्यानं आवळल्या,
आणि नखानं टिचकी मारून एकेक ऐकली.
बद्द वाजली ती चुलीत.
डफळेसाहेब म्हणायचे, चाचा, हे वाजवायचं नाही, उडवायचंय.
चाचा म्हणायचे, आत पोकळ आहे ना?
मग वाजणारच.

सकाळी इस्त्रीचा सदरा, अत्तर,
एसटीत खिडकीशी बसले लग्नाला निघाल्यासारखे.
इथं आल्यावर मात्र विमानाकडे नीट बघितलंही नाही.
दोरीखालून वाकून सरळ आत.
शिट्टी वाजली, एक पोरगेला शिपाई धावत आला,
तोवर त्यांनी दोन पंखांमधली तार
तर्जनीनं छेडली होती. पुढची. मग मागची.
मग पुन्हा पुढची, कान जवळ नेऊन.
"उतरलीय," म्हणाले. "अर्धा सूर."

आजोबा, बाहेर चला, शिपाई म्हणाला.
बंगळूरचा मेकॅनिक आला,
त्यानं तारेला काटा लावला,
बघितलं, गॉगल काढला, पुन्हा बघितलं.
पाना मागवला.
अजून, चाचा म्हणत होते. अजून. थांब.
अरे थांब, चढली.
आज पंधरा वर्षं हेच ऐकतोय मी, याच आवाजात,
फक्त माझ्या हातात खुंटी असते.
माइकवर तेव्हा देशभक्तीचं गाणं लागलं होतं.

मग ते उडालं.
आधी खोकलं, काळा धूर, कुणीतरी म्हणालं गेलं आता,
मग मागचं गवत आडवं झालं
आणि शेपूट उचलून, द्राक्षबागांवरून
इतकं सावकाश वर गेलं
की तेवढ्यात एका बाईनं कडेवरच्या बाळाला
टाटा करायला शिकवलं.
दंडोबाच्या बाजूला वळताना
कापडातून ऊन आरपार आलं
आणि दिसल्या, एकेक, सगळ्या बरगड्या,
एक्स-रे धरावा उजेडात तशा.
चाचा, बघा की! वर बघा!

शेकडो मोबाइल वर,
आणि चाचा खाली मान घालून, डोळे मिटून,
हात कानामागं.
त्या दणदणाटाच्या तळाशी काहीतरी चाचपत होते,
तरफा जुळल्या की
न छेडलेली तार बोलते, ती बोलतेय का.

उतरताना इंजिन मंद झालं.
डोक्यावरून नुसता वारा गेला, तारांमधून.
तेव्हा मलाही आलं ऐकू.
कुठला सूर ते मला नाही सांगता येणार,
आणि चाचांनी सांगितलं नाही.
रुमालानं मान पुसली, म्हणाले,
भडंग घे, तिखट कमी बघ.

परतीच्या एसटीत खिडकीची काच खडखडत होती.
माधवनगर गेल्यावर त्यांनी तिकीट दुमडलं,
फटीत खोचलं, बोटानं दाबलं.
पुढं मिरजेपर्यंत शांत.